वळण

मराठीत ‘वळण’ हा एक विलक्षण शब्द आहे. रस्त्याचे वळण आणि नदीचे वळण बाजूला ठेवू. मुलाला लावावयाचे ते वळण, आणि अक्षराला असते तेही वळणच. एखाद्या पाकिटावरील पत्ता पाहून ‘काय वळणदार अक्षर आहे!’ असे म्हणणारा माणूस त्या एका उद्गारात लिहिणाऱ्याच्या घराविषयी, त्याच्या गुरुजींविषयी आणि त्याने गिरवून गिरवून पुसलेल्या पाटीविषयीही बोलून जातो. गाण्यातही तसेच. अमक्या घराण्याच्या गायकीचे वळण जाणकाराला दोन आलापांत ओळखू येते. अक्षर, गळा आणि स्वभाव या तिहींना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द लावला. फार विचार करून लावला असेल असे नव्हे. पण लावला खरा.

गेले वर्षभर हा शब्द माझ्या मनात घोळतो आहे. त्याला कारण आमच्या घरातील एक वाद. परंतु तो सांगण्यापूर्वी आमच्या गावाची ओळख करून द्यावयास हवी, कारण वसई किंवा नगरकडील वाचकांच्या कानावर आंबागड हे नाव क्वचितच गेले असेल. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका फाट्यावर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग बंदीशाळेसारखा केला. पायथ्याच्या गावालाही किल्ल्याचेच नाव. भोवती भाताची शेते, जवळच डोंगरात गायमुखचे देवस्थान, आणि तालुक्यातच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी. या खाणींनीच आमचे घर इकडे आणले. माझे वडील, ज्यांना आम्ही ‘दादा’ म्हणत असू, मूळचे नगर जिल्ह्यातले. १९५८ साली ते खाणीच्या मुलखात पाट्या रंगविण्याच्या कामासाठी म्हणून आले आणि इथलेच झाले.

दादांनी मागे एक वही ठेवली आहे. आमच्या गायकवृंदासाठी त्यांनी १९६७ पासून १९८९ पर्यंत ती लिहिली. तीत दोनशे चौदा गीते आहेत. शब्द देवनागरीत टाकाने लिहिलेले आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर सरगम. कागद आता पिवळा पडला आहे, कडा झडल्या आहेत, पावसाळ्यात एका कोपऱ्याला वाळवीही लागली होती. दोन वर्षांपूर्वी ती संगणकावर उतरवून घ्यावी असे ठरले व काम एका दुकानात दिले. छापील प्रत स्वच्छ, पांढरीशुभ्र आली. पण रविवारी पेटीवर बसलो तेव्हा हात अडखळू लागला. सरगमीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली एक बिंदू असतो. छपाईत ते सारे बिंदू गळाले होते. म्हणजे खालचा निषाद एकदम वरच्या घरात जाऊन बसला, आणि जे गीत पायऱ्या उतरत उतरत शांत व्हावयाचे ते भलतीकडेच उडी मारू लागले! जोडाक्षरेही जागोजागी फुटली होती.

माझी नात तेव्हा नवव्या इयत्तेत होती. तिने ती प्रत पाहिली, दादांची वही पाहिली आणि म्हणाली, “आजोबा, मी ही वही हाताने लिहून काढते.”

माझा मुलगा नागपूरला नोकरीस आहे, सुनेचीही नोकरी तिथेच. नात शाळेसाठी माझ्याकडे असते. त्याला हे कळले तेव्हा तो शांतपणेच म्हणाला, “बाबा, तिचं दहावीचं वर्ष तोंडावर आलंय. आजोबांनी आयुष्यभर अक्षरं काढली, आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. पण अक्षरं काढून पोट भरायचे दिवस गेले, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंय ना?” सांगितले होते. अगदी याच शब्दांत. मुलगा काही कलेचा शत्रू नव्हे. तो स्वतः चांगला गातो. त्याचा प्रश्न खरा आहे, आणि अनेक घरांतला आहे. ज्या कलेला बाजार उरला नाही ती मुलाच्या हातात का द्यावी? त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मला दादांच्या कामाकडे पुन्हा नीट पाहावे लागले.

दादांचे काम म्हणजे कलाकृती नव्हे, रोजगार. सुरुंगाच्या वेळांचे फलक, धोक्याच्या सूचना, शाळेच्या भिंतीवरील बोधवाक्ये, तुमसरच्या धान्य दुकानांच्या पाट्या आणि कधी कधी दफनभूमीतील क्रुसांवरची नावे. भिंत असेल तर आधी दोन खिळे ठोकावयाचे, सुतळीला नीळ चोळावयाची, ती खिळ्यांना ताणून बांधून मध्यभागी चिमटीत धरून सोडावयाची. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे. अशा वर-खाली दोन रेघा झाल्या की त्यांत अक्षरे मापावयाची. हात थरथरू नये म्हणून मनगटाखाली एक काठी तिरकी टेकलेली. उभा दंड ओढताना ते श्वास हळूहळू सोडीत. लहानपणी मला वाटे, दादा अक्षरावर फुंकर घालताहेत. पुढे गाणे शिकू लागलो तेव्हा उमगले की सूर लांबवतानाही श्वास असाच सोडावा लागतो. जिथे तो तुटतो तिथे सूर डळमळतो, आणि दादांच्या बाबतीत रंगाची कड डळमळे.

शिरोरेषा ते शेवटी देत. “छप्पर शेवटी,” असे म्हणत. मोडीत नेमके उलट होते. तिथे आधी कागदभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरे लोंबकळत ठेवीत, हात न उचलता धावत सुटावयाचे. मोडी ही कारकुनाची, घाईची लिपी. बाळबोध ही वाचणाऱ्याच्या सोयीची. सुरुंगाच्या फलकाखालून जाणारा मजूर जेमतेम वाचणारा असे, आणि त्याला ते अक्षर वीस पावलांवरून कळले पाहिजे, हा दादांचा धर्म होता. त्या फलकावर अक्षर चुकले तर काय होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. सौंदर्याविषयी ते कधी बोलल्याचे मला आठवत नाही. ते ‘मोकळं’ आणि ‘कोंदलेलं’ एवढे दोनच शब्द वापरीत.

आमचा मुलूख सीमेवरचा, त्यामुळे दादांना आणखी एक कसरत करावी लागे. १९५६ पूर्वी भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. नंतर सीमा बदलल्या, पण व्यवहार बदलला नाही. सीमेपलीकडे बालाघाट जिल्हा, तिथली पाटी हिंदी. लिपी तीच, पण मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि हिंदीचा दंडाचा. मराठीचा ‘श’ देठाचा आणि हिंदीचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ प्रमाण ठरविला. दादांनी असा कुठलाही निर्णय वाचला नव्हता. गिऱ्हाईक कोण, पाटी कुठे लागणार, एवढे विचारून ते त्या त्या गावच्या वळणाचे अक्षर काढीत. मी त्यांना एकदा विचारले होते की तुमचा स्वतःचा ‘ल’ कोणता? ते हसले आणि ब्रश रॉकेलमध्ये बुचकळून पुसू लागले.

तुमसर रोडहून जी रेल्वेची शाखा निघते ती तिरोडीला जाते. या तिरोडीला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट सापडले आहेत. प्रवरसेन पाचव्या शतकातला. स्वतः कवी, ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला (१९६३), त्यात या लेखांचे ठसे पाहावयास मिळतात. लिपी ब्राह्मीच, पण तिचे वळण आगळे आहे. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक चिमुकली चौकट असते, पेटीसारखी. म्हणूनच तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. मी ते ठसे प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ पान उलटवेना. गावाच्या दानाचा लेख आहे. सीमा, कर, सवलती, शाप, असा सरकारी मजकूर. त्या चौकटीमुळे एकही अक्षर अधिक सुलभ वाचले जात नाही. उलट तांब्यावर छिन्नीने प्रत्येक अक्षरामागे तीन-चार ठोके अधिक मारावे लागले असतील. तरी ते मारले. ओळीमागून ओळ, पत्र्यामागून पत्रा. दानपत्रातले अक्षर उघडे माथ्याने उभे राहू नये असे त्या काळच्या जाणत्यांना वाटत असले पाहिजे, आणि तसे वाटावयास लावणारी माणसे कारागिराच्या भोवती होती. माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. एकट्या कारागिराला अशी हौस परवडत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटते. अक्षर कसे वाटोळे असावे, ओळींत अंतर कसे सोडावे, कागद, शाई, लेखण्या कशा निवडाव्या, हे सारे एखाद्या कसबी माणसाने शागिर्दाला सांगावे तसे सांगितले आहे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच बैठकीत, एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे, ही त्यांची अपेक्षा. संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण या समासात बोलतो तो हाताला शाई लागलेला माणूस. आपल्या पवित्र शास्त्रातही असा एक प्रसंग आहे. निर्गम ग्रंथात बसालेलाचे नाव येते. सोने, रुपे, पितळ, लाकूड यांवर काम करण्यासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तिथे म्हटले आहे. आणि लगेच पुढे असेही आहे की इतरांना शिकविण्याची बुद्धीही त्याला दिली. या दुसऱ्या वाक्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

दादांना गाणे शिकविले ते एका पेटीमास्तरांनी. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की आमच्याकडे गावोगाव दंडार उभी राहते, नाटके होतात. हे गृहस्थ अशाच मंडळींबरोबर पेटी वाजवीत हिंडत आणि पावसाळ्यात तुमसरला असत. दादांनी त्यांच्या मंडळीचा पडदा रंगवून दिला. मोबदल्यात पैसे न घेता पेटी शिकून घेतली. व्यवहार दोघांनाही पसंत होता. मास्तर ख्रिस्ती नव्हते, परंतु नाताळच्या आधी आठ दिवस ते आवर्जून येत आणि गायकवृंदाला सुरात बसवून जात. मंद्रातला षड्ज ते मुलांकडून इतका वेळ धरून ठेवीत की लहान मुले कंटाळून जांभया देत. “घाई नको, पाया भरतोय,” एवढेच ते म्हणत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचे संविधान संमत केले आणि पुढच्या काही वर्षांत मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. एकाएकी प्रत्येक धर्मग्रामाला मराठी गीते हवी झाली. आमच्या भागात छापील पुस्तके थोडी, पेटी वाजविणारे त्याहून थोडे. दादांची वही त्या गरजेतून जन्मली. कुणी नगरहून चाल घेऊन येई, कुणी नागपूरहून. मास्तर ती पेटीवर पक्की करीत आणि दादा लिहून घेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारेला वर बिंदू. ही पद्धत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. पण देशभर हिंडून त्यांनी उस्तादांच्या गळ्यांतल्या चिजा गोळा केल्या, कागदावर उतरविल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. घराण्यांत दडून राहिलेली विद्या त्यांनी चार आण्यांच्या विद्यार्थ्यापर्यंत आणली. त्यांच्यावर टीकाही झाली. कागदावरून का कुठे गाणे येते?

हा प्रश्न नवा नाही. युरोपातील मठांत नवव्या शतकापासून स्तोत्रांच्या शब्दांवर लहान लहान खुणा लिहीत. गायकांना दिशा देणारा हात हवेत जसा वर-खाली होईल तशा त्या दिसतात. स्वर नेमका कोणता हे त्यांवरून कळत नसे, ज्याने चाल आधीच ऐकली आहे त्याला फक्त स्मरण होई. अकराव्या शतकात अरेझ्झोच्या गिदो नावाच्या बेनेदिक्ती संन्याशाने त्या खुणा रेघांवर बसविल्या. संत योहान बाप्तिस्ता याच्या एका लॅटिन स्तोत्राच्या प्रत्येक चरणाचा आरंभ एकेक स्वर वर चढतो, हे पाहून त्याने त्या चरणांची पहिली अक्षरे स्वरांना नावे म्हणून दिली. पाश्चात्त्यांचे ‘रे, मी, फा’ तिथून आले. दहा वर्षांचे शिक्षण आता एक-दोन वर्षांत होईल, असा त्याचा दावा होता. मला भातखंडे आणि गिदो यांच्याविषयी अपार आदर आहे. तरीही सांगतो, दादांच्या वहीतील सरगम जशीच्या तशी वाजविली तर गीत उभे राहत नाही. गांधार किती हलका धरावयाचा, कुठल्या शब्दावर श्वास घ्यावयाचा, हे वहीत नाही. ते मास्तरांकडून दादांना आणि दादांकडून मला कानाने आले. वही चुकल्यावर माझा हात अडखळला तो कानामुळेच. कान नसता तर चुकीचे स्वर आम्ही बिनधास्त वाजवीत राहिलो असतो, आणि पाच वर्षांनी तीच चाल खरी ठरली असती!

लिपी आणि गायन या दोहोंची गाठ आपल्या समाजाच्या इतिहासात फार पूर्वी पडली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या एका पत्रात मनातली एक इच्छा सांगितली आहे. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत. अडचण खिळ्यांची होती. युरोपची चोवीस अक्षरे, तर इथे काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागणार! ते घडले नाही. १६१६ साली राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. छापील तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हाताने लिहिलेल्या प्रतींतून, आणि त्या प्रती निघत राहिल्या कारण ओव्या देवळांत आणि घरांत गायिल्या जात होत्या. नावनिशी नसलेल्या त्या लेखकूंनी चारशे वर्षांचे अंतर ओलांडून तो आपल्या हाती दिला. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरीत लिहिलेली एक पोथीही आहे.

मी या कथेत दुसऱ्याच एका गोष्टीपाशी थांबतो. स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते, ग्रंथ छापला तेव्हा सदुसष्टीचे. मधली सदतीस वर्षे हा परदेशी मनुष्य इथल्या लोकांची बोली, इथल्या पुराणांची भाषा आणि ओवीची चाल गिरवीत होता. त्यांना प्रतिभा होती यात शंका नाही. पण ओवीचा तिसरा चरण कुठे थांबतो आणि चौथा कुठे आखूड पडतो, हे कोणी तरी त्यांना ऐकवले असेल, चुकले तेव्हा हसले असेल, पुन्हा म्हणावयास लावले असेल. त्यांच्या त्या शिक्षकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. त्याच्या बाजूने बोलावयाचे तर पुष्कळ आहे. दादा १९९१ साली गेले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फ्लेक्स आला आणि तालुक्यातले पाट्या रंगविणारे एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. रात्रीतून दहा फुटी फलक छापून मिळतो, तिथे नीळ लावलेली सुतळी कोण ताणणार? हेही खरे की ज्यांनी अक्षराला नव्या काळात नेले अशीही माणसे आहेत. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी आणि सुलेखनाचे अध्यापक. आज लाखो संगणकांवर दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी घडविला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जे रूप दिले, त्यामुळे जाहिरातीवरून नाटकाचा स्वभाव कळे. ते २०२० मध्ये गेले. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून त्यातून स्वतःचे सुलेखन उभे केले, संगीताच्या साथीने रंगमंचावर अक्षरे रेखाटली, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी ही नावे मुलापुढे मांडली. तो म्हणाला, “बाबा, ही चार नावं झाली. बाकीच्यांचं काय?” हिशेब त्याचा बरोबर होता, म्हणून मी तो मुद्दा सोडून दिला. कला शिकवावयाची ती पद्मश्रीच्या आशेने, असे म्हणणे दादांनाही आवडले नसते.

मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. ती छापील प्रत प्रथम आमच्या हाती आली तेव्हा गायकवृंदात सतरा जण होते. बिंदू गळाल्याचे दोघांच्या ध्यानात आले, एक मी आणि एक ती. फुटलेली जोडाक्षरे तर सर्वांसमोर होती, पण कुणालाही ती खटकली नाहीत. दफनभूमीत गेल्या काही वर्षांतल्या संगमरवरी पाट्या पाहा. ज्या नावाने आईने हाक मारली त्या नावातला रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसलेला असतो, आणि आम्ही फुले वाहून परत येतो. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. जोशींचा टंक असो वा गिदोच्या रेघा, साधन चांगलेच असते. त्यातून चुकीचे बाहेर पडते तेव्हा ‘हे चुकले’ असे म्हणणारा एक डोळा आणि एक कान गावात असावा लागतो. तो नुसत्या पाहण्याने येत नाही. स्वतःच्या हाताने शंभरदा काढून, शंभरदा पुसून येतो. ही पोर उद्या परिचारिका होवो, वकील होवो, नाही तर बँकेत बसो. आमच्या मंडळीत तो डोळा एकीपाशी तरी राहावा, एवढेच माझे मागणे होते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “रोज अर्धा तास. परीक्षेच्या आधी तीन महिने बंद.” सुनेने फोन घेऊन त्यात आपली एक अट घातली की रविवारी दुपारी ती झोपलीच पाहिजे. करार झाला.

सुरुवातीला तिने शहरातून आणलेल्या चपट्या निबांचा संच वापरला. अक्षर देखणे दिसे, पण काहीतरी परके वाटे. कारण साधे आहे. ते निब रोमन लिपीसाठी कापलेले. त्यांची जाड रेघ ज्या तिरक्या दिशेने पडते, देवनागरीत तिथे बारीक रेघ हवी असते. म्हणून आपला बोरू उलट्या तिरक्या छेदाचा. आमच्याकडे बांबूला तोटा नाही. मी तिला दादांचा चाकू दिला आणि बांबूच्या काडीला छेद कसा द्यावयाचा ते दाखविले. पहिल्या आठवड्यात तिने लेखण्याच लेखण्या फुकट घालविल्या, एक अक्षरही लिहिले नाही. संध्याकाळी अर्धा तास लेखन, आणि लिहून झालेले गीत लगेच पेटीवर गाऊन पाहावयाचे, हा तिनेच घातलेला नियम. गाताना जिथे बिंदू विसरला आहे असे कळते ते पान ती बाजूला ठेवते व पुन्हा लिहिते. मी सुचवितो की बिंदू नंतर देता येईल, पान कशाला वाया घालवतेस. ती ऐकत नाही. अशी बाजूला ठेवलेली पाने आता बरीच जमली आहेत. त्यांच्या पाठीमागे ती गणिते सोडविते, त्यामुळे तिच्या वडिलांनाही तक्रारीस जागा नाही.

दहावी पार पडली, गुण समाधानकारक पडले, आणि जूनपासून वही पुन्हा सुरू झाली. परवा ती एकशे ब्याऐंशीव्या गीतापाशी आली व माझ्याकडे उठून आली. तिच्या हातात दादांची वही दोन ठिकाणी बोट घालून धरलेली होती. पहिल्या पानावरचा ‘ळ’ तिने दाखविला. दोन्ही पोटे भरलेली, वाटोळी, मधली गाठ घट्ट. पाटी रंगविणाऱ्याचा, वीस पावलांवरून ओळखू यावा असा ‘ळ’. मग तिने १९८७ च्या सुमाराचे पान उघडले. तिथे डावे पोट लहान झाले होते, उजवे किंचित उघडे राहिले होते, आणि शेपटी खाली जराशी कापत गेली होती. दादांच्या हाताला तेव्हा कंप सुरू झाला होता, हे मला ठाऊक आहे. पण तो ‘ळ’ नुसता कंपामुळे तसा झाला असे मला म्हणवत नाही. त्यात एक हलकेपणा आहे, जो पहिल्या पानावर नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “पहिल्या पानापासून मी पहिला ‘ळ’ काढत आले. आता इथे कोणता घेऊ?”

मी म्हणालो, “समर्थांचं ऐकायचं तर पहिला.”

“आणि पणजोबांचं ऐकायचं तर?”

मी गप्प राहिलो. तिने बोरू पुसला, एक कोरे पान घेतले आणि वर पहिल्या वळणाचे दहा, खाली दुसऱ्या वळणाचे दहा ‘ळ’ काढले. दुसऱ्या ओळीतले पहिले सात नक्कल वाटत होते. आठव्यापाशी तिने श्वास सोडला. ते पान तिने फाडले नाही, गीतही अजून लिहिलेले नाही. ती दोन दिवस तो ‘ळ’च काढते आहे.